होम वॉरंटी घ्यावी का? टिळकवाडीतल्या एका घराचं प्रकरण

होम वॉरंटी, म्हणजे आधी पैसे भरून घरातल्या वस्तूंच्या दुरुस्तीची हमी घेणं, याबद्दलचं हे प्रकरण माझ्या माहितीतल्या एका जोडप्याचं आहे. त्यांची परवानगी घेऊन लिहितोय, म्हणून नावं नाहीत, आणि दुकान, प्लॅन विकणारी कंपनी, बिल्डर यांचीही नाहीत. रकमा त्यांच्या वहीतल्या आहेत. गृहस्थ हायस्कूलात शिक्षक होते, मला गणित त्यांनीच शिकवलं, त्यामुळे पुढे त्यांचा उल्लेख सर असाच येईल. त्यांच्या पत्नी म्हणजे काकू. मी हिशेब लिहिण्याचं काम करतो आणि या सगळ्यात माझा वाटा कागद वाचण्यापुरता होता.

पार्श्वभूमी

सर २०२० मध्ये निवृत्त झाले. खानापूर तालुक्यातलं गावचं घर धाकट्या भावाकडे आणि आईकडे ठेवून त्यांनी बेळगावात टिळकवाडीला चौदा फ्लॅटच्या इमारतीत घर घेतलं. ताबा फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाला. मुलगा पुण्याला, मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला.

घरात २०१७ चा फ्रीज होता, २०१९ च्या दिवाळीत ३१,००० ला घेतलेला त्रेचाळीस इंची टीव्ही, एक गीझर, पाण्याचा फिल्टर आणि इन्व्हर्टर. एसी नाही. बेळगावात एसी लागतो तो एप्रिलचे पंधरा दिवस, आणि तेवढ्यात एखादा वळीव येऊन जातोच.

२०२१ च्या दिवाळीत काकूंसाठी फ्रंट लोड वॉशिंग मशीन घ्यायला दोघं शोरूमला गेले. मशीन ठरलं, बिल होणार तेवढ्यात काउंटरवरच्या पोराने एक चकचकीत पत्रक पुढे केलं. घरातल्या कुठल्याही कंपनीच्या पाच वस्तू, तीन वर्षं, एकच फोन नंबर. किंमत १७,९०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,१२२. वर ‘आजच घेतलं तर मशीनवर दोन हजार कमी’.

अडचण

सर सहज भुलणारे गृहस्थ नव्हेत. पण त्या वर्षी तीन गोष्टी एकदम जमून आल्या होत्या.

पहिली म्हणजे भिंत. जुलै २०२१ चा पाऊस आठवत असेल. आपल्याकडे झड येते पश्चिमेकडून, आणि सरांच्या बेडरूमची बाहेरची भिंत नेमकी पश्चिमेची. खिडकीखाली आधी नकाशासारखा डाग उमटला, मग रंगाचे पापुद्रे सुटले, गणपतीपर्यंत कपाटामागे बुरशी. बिल्डर फोनवर दर वेळी ‘मेस्त्री पाठवतो’ म्हणायचा.

दुसरी म्हणजे धावपळ. गावात काही बिघडलं तर भाऊ बघायचा. इथे फ्रीजचा आवाज वाढला तरी सर पुण्याला मुलाला फोन लावत, मुलगा ऑफिसातून कस्टमर केअरला, आणि मेकॅनिक आला की सर घरी नसत.

तिसरी म्हणजे मुलगी. तिने तिकडे घर घेतलं तेव्हा विकणाऱ्याने पहिल्या वर्षाची होम वॉरंटी भरून दिली होती. अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. वर्षाचा करार असतो. हीटर, एसी, नळ, वायरिंग, स्वयंपाकघरातली यंत्रं वापरून झिजली, बिघडली तर कंपनी आपला माणूस पाठवते. प्रत्येक खेपेला साधारण ७५ ते १२५ डॉलर वेगळे मोजावे लागतात. ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “बाबा, तिकडं पण आलं असेल ना असलं काहीतरी? घेऊन टाका, तुमची कटकट जाईल.”

त्यामुळे शोरूममधल्या पोराने ‘सर, ही होम वॉरंटीच आहे, घराचं सगळं येतं यात’ म्हटल्यावर सरांच्या डोक्यात फ्रीजच्या आधी भिंत आली. गोंधळ तिथेच झाला. अमेरिकेतल्या करारातही भिंतीची ओल बसत नाही. आपल्याकडचा हा प्लॅन तर निव्वळ उपकरणांचा होता, त्यात नळ-वायरिंगही नव्हतं.

संध्याकाळी सर माझ्याकडे आले. “मी हो म्हणून आलो की रे. पैसे उद्या देतो म्हणालो. तू एकदा वाचून सांग, मग बघू.”

पहिला निर्णय : नियमावली आधी

वाचायचं काय? हातात चार पानी पत्रक होतं, त्यावर हसणारं कुटुंब. खऱ्या अटी ‘खरेदीनंतर लिंकने येतील’. सरांना म्हटलं, अटी आधी द्या, पैसे मग. दोन हजारांची सूट गेली तर गेली. शोरूमने चार दिवस लावले आणि अकरा पानी इंग्रजी पीडीएफ पाठवली. सरांनी ती छापून घेतली आणि भिंग घेऊन बसले. शाळेत पेपर तपासायचे तसं लाल पेनने.

त्यातल्या ज्या ओळींखाली लाल रेघ पडली त्या अशा. जुन्या वस्तू तपासणीनंतरच प्लॅनमध्ये घेणार, आणि पहिले तीस दिवस दावा नाही. विजेचा दाब कमी-जास्त झाल्याने झालेला बिघाड नाही. उंदीर, पाल, किडे यांनी केलेलं नुकसान नाही. गंज नाही, रबराचे भाग नाहीत, फिल्टर-मेंब्रेन नाही, आत अडकलेली बाहेरची वस्तू नाही. दुरुस्ती शक्य नसेल तर मूळ बिलाच्या रकमेतून दर वर्षाला १५ टक्के वजा करून उरेल तेवढंच मिळणार.

सर भिंग खाली ठेवून म्हणाले, “म्हणजे बेळगावात यंत्रं ज्यानं बिघडतात तेवढं सोडून बाकी सगळं देतात.” हे थोडं अन्यायाचं आहे, पुढे टीव्हीच्या वेळी ते कळलं. पण त्या दिवशी मलाही तसंच वाटलं.

दुसरा निर्णय : गिऱ्हाईक व्हायच्या आधी फोन

पाचवी वस्तू म्हणून सरांना गावचा फ्रीज घालायचा होता, आईच्या औषधांसाठी तो महत्त्वाचा. मी सुचवलं की आधी त्यांच्या नंबरला फोन करू आणि दोनच प्रश्न विचारू. तुमचा माणूस कुठून येतो? किती दिवसांत?

फोन बंगळूरला लागला. पलीकडच्या मुलीचं हिंदी जेमतेम, आमचं कन्नड बाजारापुरतं. शेवटी काकूंनी फोन घेतला. त्यांचं माहेर बैलहोंगल, कन्नड घरचंच. टिळकवाडीच्या ५९० च्या पिनकोडला ‘दोन ते चार दिवस’ असं उत्तर आलं. मग काकूंनी गावचा पिनकोड सांगायला घेतला, “ऐदु, ओंबत्तु, ओंदु...” तिसऱ्याच आकड्याला पलीकडून थांबवलं. ५९१ म्हणजे शहराबाहेर. तिथे माणूस येणार नाही, वस्तू बेळगावला आणून द्यायची.

फ्रीज खानापूर रोडने टेम्पोत घालून आणायचा, दुरुस्त करून परत न्यायचा. काकूंनी फोन ठेवला आणि गावचा फ्रीज यादीतून गेला. पाचवी वस्तू म्हणून पाण्याचा फिल्टर धरला, त्याचे फिल्टरच प्लॅनमध्ये नव्हते हा भाग वेगळा.

सीमाभागात राहणाऱ्यांसाठी हा फोन मी सर्वांत उपयोगाचा मानतो. कंपनीचं नाव देशभर असेल, पण सुट्टा भाग येतो हुबळीहून नाहीतर कोल्हापूरहून, आणि दार वाजवणारा माणूस इथल्याच एखाद्या एजन्सीचा असतो. प्लॅन घेतला काय, न घेतला काय, माणूस बहुधा तोच.

आधीपासून काय हातात होतं

मग आम्ही जुन्या फायली काढल्या. इथे सरांची शिस्त कामी आली, प्रत्येक बिल प्लास्टिकच्या पाकिटात. फ्रीजच्या कॉम्प्रेसरला कंपनीचीच दहा वर्षांची वॉरंटी, म्हणजे २०२७ पर्यंत. नव्या वॉशिंग मशीनला दोन वर्षं पूर्ण आणि मोटरला दहा. गीझरच्या टाकीला पाच. इन्व्हर्टरची बॅटरी अजून वॉरंटीत, आणि प्लॅनमध्ये तशीही बॅटरी नव्हतीच. थोडक्यात, महागडे भाग आधीच कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात होते. उघडे होते ते फ्रीजचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि टीव्हीचा पॅनल.

भिंतीचं उत्तर मात्र त्याहून मोठं निघालं. २०१६ च्या रेरा कायद्याच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या, कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि तो बिल्डरच्या नजरेला आणून दिला, तर तीस दिवसांत, एक पैसा न घेता तो दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. नाही केलं तर भरपाई मागता येते. साधारणपणे आठपेक्षा जास्त फ्लॅटच्या प्रकल्पाला हा कायदा लागू होतो, इथे चौदा. म्हणजे फेब्रुवारी २०२६ पर्यंत त्या भिंतीची वॉरंटी सरांकडे फुकट होती आणि ते २१,००० देऊन दुसरी घ्यायला निघाले होते, जिच्यात भिंत नव्हतीच.

पर्याय

पहिला, पूर्ण प्लॅन. एक नंबर, डोक्याला ताप कमी, आणि मुलीचं समाधान. हे शेवटचं कारण हिशेबात मांडता येत नाही, पण ते होतं.

दुसरा, फक्त वॉशिंग मशीनची वाढीव वॉरंटी, तीही मशीनच्या कंपनीकडूनच. चौकशीत कळलं की मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही घेता येते. मग आजच कशाला? दोन वर्षं मशीन कसं चालतं बघून ठरवू.

तिसरा, काहीच न घेता पैसे बाजूला ठेवायचे. काकूंनी विचारलं, “पिग्मी लावली तर?” त्यांच्या गल्लीत क्रेडिट सोसायटीचा पिग्मीवाला रोजची छोटी बचत गोळा करायला येतोच. दिवसाला वीस रुपये, तीन वर्षांत २१,९००. प्लॅनच्या किमतीपेक्षा थोडे जास्तच. मी वहीत आकडे गिरवत बसलो होतो आणि सगळा हिशेब काकूंनी एका वाक्यात संपवला.

चौथा पर्याय मी मांडला, घराचा विमा. २०२१ च्या एप्रिलपासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. आग, वादळ, पूर, वीज कोसळणं हे त्यात येतं. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात पुराने काय झालं ते बघितल्यावर हे सुचणं साहजिक होतं. पण शॉर्ट सर्किटने फ्रीजचा बोर्ड जळला तर तो या पॉलिसीत बसत नाही. विमा मोठ्या आपत्तीला, वॉरंटी रोजच्या झिजण्याला. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. सरांनी विमा घेतला. त्यावर फार चर्चा झाली नाही.

काय केलं

प्लॅन घेतला नाही. दोन हजारांची सूट गेली, पण घासाघीस करून शोरूमने मशीनचं स्टँड फुकट दिलं. पिग्मी नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, वेगळ्या खात्यावर. फ्रीजला स्टॅबिलायझर घ्यायचा असं वहीत लिहिलं. लिहिलं फक्त.

बिल्डरला रजिस्टर पोस्टाने पत्र गेलं. ताब्याची तारीख, कलम, फोटो. बिल्डर मराठी, सर मराठी, आणि मधलं पत्र इंग्रजी, कारण उद्या तेच कागद बंगळूरला रेरा प्राधिकरणापुढे ठेवायची वेळ आली तर? सर म्हणाले, “शेजाऱ्याला परक्या भाषेत पत्र लिहायची ही पहिलीच वेळ.”

पोचपावती आल्यावर नवव्या दिवशी मेस्त्री आला. आतून वॉटरप्रूफिंग झालं, पुट्टी, रंग. जुलै २०२२ मध्ये डाग परत, या वेळी खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात. आतून केलेलं काम टिकणार नव्हतंच, पाणी बाहेरच्या भेगेतून येत होतं. दुसऱ्या पत्रावर पश्चिमेच्या चारही फ्लॅटवाल्यांनी सह्या केल्या. बिल्डर हलला तो या चार सह्यांनी. २०२३ च्या मे महिन्यात बाहेरून परांची बांधून भेगा भरल्या आणि पूर्ण बाजू रंगवली. प्राधिकरणाकडे जायचं का, यावर एकदा बैठक झाली होती. तिघांचं मत ‘थांबू’ असं पडलं. मला ते पटलं नव्हतं, कारण मुदत तीस दिवसांची होती आणि दहा महिने गेले होते. पण बिल्डर त्याच वस्तीत राहतो, देवळात भेटतो. गावातली गणितं अशी असतात.

तीन वर्षांत काय झालं

मे २०२२. वळवात वीज चार वेळा गेली-आली आणि फ्रीज बंद पडला. कंपनीच्या माणसाने नवा बोर्ड ६,५०० सांगितला. शहापूरचा एक ओळखीचा मेकॅनिक आला, बोर्ड सोडवून उजेडात धरला आणि म्हणाला, “नवा कशाला घालतासा सर? ह्योच रिपेर करून देतो की.” १,८०० त काम झालं. दुसऱ्या दिवशी स्टॅबिलायझर आला, २,३०० ला. वहीत तो सहा महिने आधीच होता.

त्याच वर्षी वॉशिंग मशीनच्या पंपात पाच रुपयांचं नाणं अडकलं. वॉरंटी असूनही ४५० भरावे लागले, कारण नाणं ही ‘बाहेरची वस्तू’. पुढे गीझरची कॉइल गेली. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर तिच्यावर बोटभर चढला होता. १,१५०.

सप्टेंबर २०२३ मध्ये टीव्हीवर उभ्या रेघा आल्या. पॅनल १९,५०० चा, नवा टीव्ही २५,५०० चा. नवा घेतला. पिग्मीत तेव्हा तेरा हजारांच्या आसपास होते, बाकीचे पेन्शनमधून. त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला आणि ती काहीच बोलली नाही, हे सरांना जास्त लागलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये वॉशिंग मशीनची वाढीव वॉरंटी घेतली, दोन वर्षं, ३,६५०. चार महिन्यांत शॉक अॅब्सॉर्बर गेले, ते फुकट बदलून मिळाले. पुढच्या पावसाळ्यात मशीन पुन्हा बंद. माणसाने ते आडवं केलं तर खालून वायरींचे बारीक तुकडे, कुरतडलेला फोम आणि चार शेंगदाण्यांची टरफलं पडली. “उंदराचं काम हाय हे. वॉरंटीत नाही बसत.” २,९०० रोख. मशीनच्या तळाला जाळी बसवायला दोनशे रुपये लागतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सरांनी वही आणली. प्रत्यक्ष खर्च : बोर्ड १,८००, स्टॅबिलायझर २,३००, नाणं ४५०, कॉइल १,१५०, वाढीव वॉरंटी ३,६५०, उंदीर २,९००, टीव्ही २५,५००. एकूण ३७,७५०. प्लॅन घेतला असता तर? प्लॅनचे २१,१२२, आणि त्यात न बसणारे बोर्ड, स्टॅबिलायझर, नाणं, उंदीर मिळून ७,४५०. टीव्ही दुरुस्त होण्यासारखा नाही असं त्यांनी ठरवलं असतं असं धरलं, तर त्याला चार वर्षांची घट, म्हणजे ६० टक्के वजा जाऊन ३१,००० चे १२,४०० हातात आले असते, वरचे १३,१०० खिशातून. एकूण ४१,६७२.

फरक ३,९२२. तीन वर्षांत चार हजारही नाहीत. मला खरं तर मोठा आकडा अपेक्षित होता. स्टॅबिलायझर वेळेवर आला असता आणि मशीनला जाळी असती तर दोन्हीकडचा खर्च सारखाच कमी झाला असता, फरक तोच राहिला असता; टीव्ही एक वर्ष आधी गेला असता तर प्लॅनच थोडा स्वस्त पडला असता.

वेगळं काय करता आलं असतं

टीव्हीचा पॅनल उघडा आहे हे आम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पाच वस्तूंचा प्लॅन नको म्हणताना फक्त टीव्हीचं काही मिळतं का, हे विचारायला हवं होतं. ते राहिलं, आणि ती चूक माझी.

२०२१ च्या पहिल्या पावसातले भिंतीचे तारखेसह फोटो नव्हते. पत्रासोबत गेले ते ऑक्टोबरचे, वाळलेल्या डागाचे. आणि जुलै ते ऑक्टोबर नुसत्या फोनवर घालवले, त्या चार महिन्यांचा कागदावर पुरावाच नाही. चार सह्या पहिल्याच पत्रावर घेतल्या असत्या तर बाहेरचं काम कदाचित एक पावसाळा आधी झालं असतं.

सरांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते प्लॅन घेतला असता तर त्यांनी भिंग घेऊन तो वाचलाच नसता, आणि वाचला नसता तर रेराचं कलम कळलं नसतं. यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

हे लिहितोय तेव्हा डिसेंबर २०२४ चालू आहे. भिंत दोन पावसाळे कोरडी आहे, खिडकीचा तो डावा कोपरा सोडून. ताब्याची पाच वर्षं पुरी व्हायच्या आत अजून एकच पावसाळा मिळणार, म्हणून सरांनी त्या कोपऱ्यावर पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाकली आहे. पिग्मी चालूच आहे, आता दिवसाला तीस. दिवाळीत त्याच शोरूममधून प्लॅनसाठी पुन्हा फोन आला होता. काकूंनी घेतला आणि सगळं ऐकून घेऊन विचारलं, “उंदीर धरून सांगतासा काय हो ही किंमत?”